विश्लेषण : जुन्या पिकअपला ‘सेकंड’ इंजिन… खर्च वाचतो, पण कागदांचे काय?

वरुड-मोर्शीची संत्री, अकोटचा कापूस, दर्यापूर-मूर्तिजापूरची तूर आणि हरभरा. वऱ्हाडातला हा सगळा माल शेतातून बाजार समितीपर्यंत, जिनिंगपर्यंत किंवा अकोल्याच्या दालमिलपर्यंत नेते ती बहुतेक वेळा एखादी जुनी पिकअप. ऐन हंगामात तिचे इंजिन बसले, की मालकापुढे मोठा प्रश्न उभा राहतो. नवी गाडी घेणे अनेकांच्या आवाक्याबाहेर असते आणि पूर्ण इंजिन बांधायला वेळ व पैसा दोन्ही लागतात. अशा वेळी मिस्त्री तिसरा मार्ग सुचवतो, तो म्हणजे दुसऱ्या गाडीतून निघालेले चालू इंजिन आणून बसवणे. अमरावती आणि अकोल्याच्या गॅरेजांत हे काम दोन-तीन दिवसांत होऊ शकते. मात्र त्या इंजिनावर ठोकलेला क्रमांक आणि गाडीच्या नोंदणी पुस्तकातला क्रमांक वेगळा असतो. वाचलेला खर्च पुढे कितीतरी पटींनी अंगावर येतो तो बहुधा याच फरकामुळे.

वऱ्हाडात पिकअपचे इंजिन लवकर का थकते?

पिकअप ही मालक, चालक आणि हमाल एकच असलेल्या माणसाची गाडी आहे. महिंद्रा बोलेरो पिकअप, टाटा २०७ किंवा २००५ मध्ये बाजारात आलेली टाटा एस या गाड्या ग्रामीण भागात रोज चालतात आणि हंगामात त्यांच्यावर क्षमतेपेक्षा जास्त माल चढतो. अमरावती-अकोला हा राष्ट्रीय महामार्ग ५३ सपाट आहे. जून २०२२ मध्ये याच पट्ट्यात ७५ किलोमीटरची डांबरी मार्गिका १०५ तास ३३ मिनिटांत अंथरून गिनीज विक्रम झाला होता. पण माल महामार्गावर येण्याआधी पांदण रस्त्यातून बाहेर काढावा लागतो. परतवाड्याहून चिखलदरा, सेमाडोह, धारणीकडे जाणाऱ्या गाड्यांना तर मेळघाटचा चढ पहिल्या-दुसऱ्या गिअरवर ओढावा लागतो.

त्यात उन्हाळ्याची भर पडते. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा रेडिएटर, पंखा आणि वॉटर पंप यांतली छोटी उणीवही इंजिन तापवते. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला आहे. तिथल्या बोअरचे क्षारयुक्त पाणी कूलंटऐवजी रेडिएटरमध्ये ओतले, तर आतल्या नळ्यांवर थर बसतो आणि पाण्याचे फिरणे मंदावते. इंजिन तापले की आधी हेड पॅकिंग जाते, मग हेड वाकते. तरीही गाडी तशीच रेटली, तर पिस्टन लायनरला धरतो. म्हणजे अनेक इंजिने झिजून जात नाहीत, ती तापून जातात. जुने इंजिन बदलताना रेडिएटर तोच ठेवला, तर नव्याने बसवलेले इंजिनही त्याच वाटेने जाते.

इंजिन बांधावे, नवे घ्यावे की जुने बसवावे?

मालकापुढे साधारण तीन पर्याय असतात. पहिला पर्याय आहे ते इंजिन खोलून बांधण्याचा. त्यात लायनर-पिस्टन, रिंगा, बेअरिंग, क्रँकची घासाई, हेडचे व्हॉल्व्ह, नोझल आणि फ्युएल पंप अशी कामे येतात. काम चांगले झाले तर इंजिन पुढची काही वर्षे खात्रीने चालते आणि मूळ क्रमांकही कायम राहतो. पण लेथचे काम आणि सुटे भाग यांसाठी थांबावे लागते. दुसरा पर्याय कंपनीकडून नवे किंवा अधिकृतरीत्या पुनर्बांधणी केलेले इंजिन घेण्याचा आहे. तो सर्वात खात्रीचा असला, तरी १५ वर्षांच्या गाडीवर तेवढा खर्च करणे अनेकांना पटत नाही. तिसरा पर्याय जुन्या, चालू इंजिनाचा. तो स्वस्त असतो आणि लवकर उरकतो, पण त्या इंजिनाचे आधीचे आयुष्य कोणालाच माहीत नसते.

इथे हिशेब केवळ इंजिनाच्या किमतीचा नसतो. समजा, पिकअप महिन्याला १,८०० किलोमीटर चालते. इंजिन लिटरला १२ किलोमीटर देत असेल तर १५० लिटर डिझेल लागेल आणि १० किलोमीटरच देत असेल तर १८० लिटर. महिन्याला हा ३० लिटरचा फरक झाला. डिझेल लिटरला ९० रुपये धरले, तर महिन्याला २,७०० आणि वर्षाला ३२,४०० रुपये जास्त जातात. ऑइल खाणारे इंजिन असेल तर तो खर्च आणखी वेगळा. म्हणजे थकलेले इंजिन घासाघीस करून स्वस्तात मिळवले, तरी वाचलेले पैसे वर्ष-दोन वर्षांत पेट्रोल पंपावर जाऊ शकतात.

जुनी इंजिने येतात कुठून?

अपघातात चेसिस वाकलेल्या पण इंजिन शाबूत राहिलेल्या गाड्या, भंगारात काढलेल्या गाड्या आणि लिलावात विकलेल्या गाड्या हे या बाजाराचे सरळ स्रोत आहेत. केंद्र सरकारच्या नियमानुसार १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांपेक्षा जुन्या सरकारी वाहनांची नोंदणी रद्द होते. दिल्ली आणि परिसरात १० वर्षांवरील डिझेल वाहनांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये आणलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम केली होती. अशा नियमांमुळे चालू स्थितीतली इंजिनेही वयाच्या अटीमुळे गाडीबाहेर पडू शकतात.

दिल्लीतले मायापुरी आणि मुंबईतले कुर्ला हे जुन्या सुट्या भागांचे ओळखीचे बाजार आहेत. तिथून किंवा जवळच्या शहरांतल्या भंगार व्यावसायिकांकडून इंजिन हातोहात फिरत तालुक्याच्या गॅरेजपर्यंत येते. मधल्या प्रत्येक टप्प्यावर व्यवहार रोखीचा आणि विश्वासाचा असेल, तर शेवटच्या ग्राहकाच्या हाती इंजिन पडते, पण कागद पडत नाही.

धोका इथेच असतो. उत्तर प्रदेशातल्या मेरठमधील सोतीगंज हा बाजार चोरीच्या गाड्या खोलून त्यांचे भाग विकण्यासाठी देशभर कुप्रसिद्ध होता. डिसेंबर २०२१ मध्ये पोलिसांनी त्यावर टाच आणली. गाडी चोरीला गेली की ती अखंड विकणे अवघड असते, पण तासाभरात खोलून इंजिन, गिअरबॉक्स, चाके वेगळी केली की प्रत्येक भागाला ग्राहक मिळतो. प्रत्येक जुने इंजिन चोरीचे असते असे अजिबात नाही. पण कागद नसेल, तर प्रामाणिक इंजिन आणि चोरीचे इंजिन बाहेरून सारखेच दिसते.

कायदा नेमके काय सांगतो?

मोटार वाहन कायदा १९८८ मधील कलम ५२ वाहनातल्या बदलांबाबत आहे. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील विसंगत ठरेल असा बदल मालकाने करू नये, हे त्याचे मूळ सूत्र आहे. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीवर गाडी चालवण्यासाठी मान्यताप्राप्त किट बसवण्याची मुभा त्याच कलमात अटींसह दिलेली आहे.

इंजिन बदलण्याचा उल्लेखही याच कलमात आहे. मंजुरीशिवाय बदल झाला असेल किंवा इंजिन बदलले असेल, तर मालकाने १४ दिवसांच्या आत आपण राहतो तिथल्या नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवावे, नोंदणी प्रमाणपत्र शुल्कासह सादर करावे आणि नवा तपशील त्यात नोंदवून घ्यावा, असे त्यात म्हटले आहे. गाडीवर कर्ज असेल तर कर्ज देणाऱ्या संस्थेची लेखी संमतीही आवश्यक ठरते.

केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी या कलमाचा अर्थ स्पष्ट केला. उत्पादकाच्या मूळ तपशिलात बदल करता येणार नाही, यावर त्या निकालाचा भर आहे. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने कायद्यात कलम १८२-अ आले. त्यानुसार नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

थोडक्यात, जुने इंजिन बसवणे हा स्वतःहून गुन्हा नाही. त्याच जातीचे इंजिन, वैध कागद आणि नोंदणी पुस्तकात नोंद, या तीन गोष्टी असतील तर मार्ग खुला आहे. त्यांतली एकही नसेल तर नाही.

दहा गाड्यांच्या मालकाला सवलत, एका पिकअपवाल्याला का नाही?

कलम ५२ मध्ये एक तरतूद आहे, जिची चर्चा फारशी होत नाही. किमान १० परिवहन वाहने असलेल्या मालकाला त्याच बनावटीचे आणि त्याच प्रकारचे इंजिन नोंदणी प्राधिकाऱ्याच्या पूर्वमंजुरीशिवाय बदलण्याची परवानगी राज्य सरकार अधिसूचना काढून, अटींसह देऊ शकते. मोठ्या वाहतूकदाराकडे स्वतःची कार्यशाळा असते आणि तो एका ट्रकचे इंजिन काढून दुसऱ्याला लावतो. प्रत्येक वेळी मंजुरीसाठी गाडी उभी ठेवणे व्यवहार्य नाही, असा त्यामागचा विचार दिसतो. नंतरची नोंद मात्र त्यालाही चुकत नाही.

पण गाडी उभी राहण्याचा फटका एकच पिकअप असलेल्याला जास्त बसतो. दहा गाड्यांपैकी एक थांबली तर नऊ चालू असतात. एकच असेल तर घरातली कमाईच थांबते. संत्र्याचा सौदा झालेला असतो, मजूर लावलेले असतात आणि माल झाडावर थांबत नाही. त्यामुळे ‘आधी इंजिन टाकू, कागदाचे नंतर पाहू’ असे ठरते आणि ते ‘नंतर’ बहुधा येतच नाही. मालकाच्या निष्काळजीपणाइतकाच हा नियमांच्या रचनेचाही प्रश्न आहे.

‘तेच इंजिन’ म्हणजे कोणते?

इथे सर्वाधिक गल्लत होते. ‘सीसी सारखी आहे, फाउंडेशनला बसते, म्हणजे तेच इंजिन’ असा गॅरेजमधला समज असतो. प्रत्यक्षात महिंद्राचे २,५२३ सीसीचे डिझेल इंजिन जुन्या गाड्यांत यांत्रिक फ्युएल पंपाचे होते, तर पुढच्या गाड्यांत त्याच क्षमतेचे इंजिन कॉमन रेल तंत्राचे आले. आकडा तोच, पण डिझेल पुरवण्याची पद्धत पूर्ण वेगळी. कॉमन रेल इंजिनाला संगणकीय नियंत्रक, सेन्सर, वेगळे वायरिंग आणि उच्च दाबाचा पंप लागतो. जुन्या गाडीत ते बसवायचे तर हे सगळे सोबत आणावे लागते. त्यातली एखादी तार चुकली तरी गाडी स्टार्ट होत नाही किंवा चढावर दम सोडते.

दुसरा मुद्दा उत्सर्जन मानकांचा आहे. बीएस-४ देशभर १ एप्रिल २०१७ पासून आणि बीएस-६ १ एप्रिल २०२० पासून लागू झाले. बीएस-४ म्हणून नोंदलेल्या गाडीत त्याआधीचे इंजिन बसवले, तर ती गाडी कागदावर एक आणि रस्त्यावर दुसरीच ठरते. पीयूसी तपासणीत बीएस-४ पूर्वीच्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज एकक आहे, तर बीएस-४ गाडीला ५०. जुन्या मानकाचे इंजिन नव्या गाडीत आले की ती मर्यादा पाळणे कठीण होते. बीएस-६ गाड्यांत धूर गाळणारी यंत्रणा आणि इंजिन नियंत्रक एकमेकांशी जोडलेले असतात. त्यामुळे त्यांत जुन्या पद्धतीची अदलाबदल जवळजवळ अशक्य आहे.

आणखी एक व्यावहारिक बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे. इंजिन क्रमांक ब्लॉकवर ठोकलेला असतो. हेड, टर्बो, पंप किंवा सेल्फ बदलल्याने क्रमांक बदलत नाही. ब्लॉक बदलला, मग त्याला मिस्त्री ‘हाफ इंजिन’ म्हणो की ‘फुल’, क्रमांक बदलतो आणि नोंदीचा प्रश्न उभा राहतो. तो टाळण्यासाठी नव्या ब्लॉकवर जुना क्रमांक ठोकून घेण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो साफ नाकारावा. नोंद न करणे ही एक चूक आहे, पण क्रमांकाशी छेडछाड हा थेट फसवणुकीचा संशय ओढवून घेणारा प्रकार आहे.

नोंद नसेल तर ते उघड कधी होते?

रोजच्या रस्त्यावरच्या तपासणीत बॉनेट उघडून क्रमांक क्वचितच पाहिला जातो, त्यामुळे वर्षानुवर्षे काहीच होत नाही असे वाटते. पण चार प्रसंगी ही विसंगती समोर येऊ शकते.

पहिला प्रसंग फिटनेसचा. मालवाहू वाहनाला योग्यता प्रमाणपत्र लागते आणि आठ वर्षांवरील वाहनाला ते दरवर्षी नव्याने घ्यावे लागते. अमरावती (एमएच-२७) असो की अकोला (एमएच-३०), निरीक्षकाने चेसिस आणि इंजिन क्रमांक पडताळला की गाडी अडकू शकते.

दुसरा प्रसंग विम्याचा. पॉलिसीवर चेसिससोबत इंजिन क्रमांकही असतो. अपघात किंवा चोरीनंतर सर्व्हेअर गाडी पाहतो तेव्हा क्रमांक जुळला नाही, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा वादात सापडतो. दुसऱ्या कोणाचा जीव गेला असेल आणि पॉलिसीची मूलभूत अट मोडल्याचे सिद्ध झाले, तर कंपनीने पीडिताला आधी भरपाई द्यावी आणि ती मालकाकडून वसूल करावी, असे आदेश न्यायालये देतात. ती रक्कम पिकअपच्या किमतीच्या कितीतरी पट असू शकते.

तिसरा प्रसंग विक्रीचा आहे. नाव बदलताना किंवा दुसऱ्या जिल्ह्यात गाडी देताना खरेदीदार तपासणी करून घेतो.

चौथा आणि सर्वात गंभीर प्रसंग पोलीस तपासाचा. चोरीच्या गाडीचा माग काढताना तिचे इंजिन तुमच्या पिकअपमध्ये सापडले, तर गाडी जप्त होऊ शकते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार, चोरीची मालमत्ता आहे हे ठाऊक असून किंवा तसे मानण्यास कारण असून ती अप्रामाणिकपणे घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘मला माहीत नव्हते’ हे सांगता येते, पण बिल नसलेला रोखीचा व्यवहार ते पटवणे अवघड करतो.

राज्यात १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या वाहनांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी सक्तीची झाली आणि तिची मुदत अनेकदा वाढवण्यात आली. ती पाटी नोंदवताना चेसिस आणि इंजिन क्रमांकाचे शेवटचे अंक भरावे लागतात. मात्र ते नोंदीतल्या माहितीशी ताडले जातात, प्रत्यक्ष इंजिनाशी नाही. त्यामुळे ‘पाटी मिळाली म्हणजे सगळे बरोबर आहे’ हा समज चुकीचा आहे.

खरेदी करण्याआधी काय तपासावे?

आधी कागद, मग इंजिन, हा क्रम पाळलेला बरा. ज्या गाडीतून इंजिन निघाले तिचा नोंदणी क्रमांक विक्रेत्याकडून मागावा. परिवहन विभागाच्या एम-परिवहन ॲपवर तो टाकला की गाडीची स्थिती आणि फिटनेस, विमा यांची माहिती दिसते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ सेवेत नोंदणी, चेसिस किंवा इंजिन क्रमांक टाकून ते वाहन चोरीच्या नोंदीत आहे का, हे नागरिकाला स्वतः तपासता येते. या दोन तपासण्यांना मोबाइल आणि दहा मिनिटे पुरतात. विक्रेता मूळ गाडीचा क्रमांकच देत नसेल, तर सौदा तिथेच थांबवावा.

बिलावर विक्रेत्याचे पूर्ण नाव-पत्ता, इंजिन क्रमांक, मूळ गाडीचा क्रमांक, तारीख आणि रक्कम असावी. ‘एक जुने इंजिन’ एवढेच लिहिलेले बिल उपयोगाचे नाही. मूळ गाडीची नोंदणी रद्द झाल्याचा किंवा ती अधिकृतपणे भंगारात गेल्याचा कागद मिळाला, तर सर्वात उत्तम.

मग यंत्राकडे वळावे. ब्लॉकवरचा क्रमांक स्पष्ट आहे का, घासून पुन्हा ठोकल्याच्या खुणा आहेत का, हे उजेडात पाहावे आणि त्याचा फोटो काढावा. इंजिन थंड असताना सुरू करून दाखवायला सांगावे, कारण आधीच गरम केलेले थकलेले इंजिनही पटकन स्टार्ट होते. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर असेल तर ऑइलमध्ये पाणी मिसळत असल्याची शंका घ्यावी. ब्रीदरमधून जोरात धूर येत असेल तर रिंगा-लायनर झिजलेले असू शकतात. सतत निळा धूर ऑइल जळत असल्याचे सांगतो, तर गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबला नाही तर पाणी आत जात असल्याचे. शक्य असेल तर चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. त्यांच्यातला फरक साधारण १० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर इंजिन बसवण्याआधीच खोलावे लागेल.

बसवताना क्लच प्लेट, मागचे ऑइल सील, फाउंडेशनचे रबर, टायमिंगचा संच आणि पाण्याचे पाइप बदलून घेणे शहाणपणाचे ठरते. इंजिन खाली असताना ही कामे थोड्या मजुरीत होतात. नंतर केवळ एका सीलसाठी गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो. रेडिएटर आतून साफ केल्याशिवाय किंवा बदलल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये, आणि खारपाणपट्ट्यात तर बोअरचे पाणी त्यात अजिबात टाकू नये.

नोंद करून घेण्याचा मार्ग काय?

इंजिन बसवण्याआधी परिवहन कार्यालयात लेखी अर्ज करून मंजुरी घेणे हा सुरक्षित मार्ग आहे. अर्जासोबत साधारणपणे नोंदणी प्रमाणपत्र, वैध विमा व पीयूसी, इंजिनाचे बिल, मूळ गाडीचा कागद आणि कर्ज असेल तर वित्तसंस्थेचे ना-हरकत पत्र लागते. त्यानंतर गाडी निरीक्षकासमोर नेऊन क्रमांकाची पडताळणी होते आणि प्रमाणपत्रात नवा इंजिन क्रमांक येतो.

बरेच जण इथे थांबतात. पण नवे प्रमाणपत्र हाती आल्यावर विमा कंपनीकडून पॉलिसीतही इंजिन क्रमांक बदलून घ्यावा लागतो. ते राहिले तर परिवहन कार्यालयाच्या दृष्टीने गाडी कायदेशीर ठरते, पण विम्याच्या कागदावर जुनीच राहते.

त्यापेक्षा गाडीच भंगारात काढावी का?

प्रत्येक गाडीला इंजिन टाकणे शहाणपणाचे नसते. विदर्भात १५ वर्षे झाली म्हणून खासगी मालकाची गाडी आपोआप बाद होत नाही. ती फिटनेसमध्ये उत्तीर्ण होते का, हे महत्त्वाचे. मात्र जुनी गाडी चालवणे महाग होत चालले आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने फिटनेस शुल्काची वयानुसार नवी रचना आणली. चढे शुल्क आता १० वर्षांपासूनच सुरू होते आणि २० वर्षांवरील हलक्या वाहनासाठी ते १५ हजार रुपयांवर गेले आहे. आठ वर्षांवरील परिवहन वाहनांना राज्याचा पर्यावरण करही आहे.

दुसऱ्या बाजूला, १३ ऑगस्ट २०२१ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय वाहन भंगार धोरणानुसार अधिकृत केंद्रात गाडी दिल्यास ठेव प्रमाणपत्र मिळते. त्यावर नव्या परिवहन वाहनाच्या करात १५ टक्क्यांपर्यंत सवलत आणि नोंदणी शुल्कात माफी अशी तरतूद आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू वाहनांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. सुट्या भागांवरही आता १८ टक्केच दर आहे. चेसिस गंजलेली, केबिन सडलेली आणि गिअरबॉक्सही आवाज करणारा असेल, तर चांगले इंजिन टाकूनही गाडी फिटनेसमध्ये अडकू शकते. चेसिस मजबूत असेल आणि गाडी आणखी चार-पाच वर्षे चालवायची असेल, तर मात्र इंजिन बदलणे किंवा बांधणे परवडते.

प्रश्न कुठे अडतो?

गाडीला नोंदणी पुस्तक असते, इंजिनाला स्वतःचे पुस्तक नसते. गाडी भंगारात गेली की तिच्या नावाचे प्रमाणपत्र निघते, पण तिच्यातून निघालेले चांगले इंजिन पुढे कोणत्या गाडीत गेले, हे सांगणारा सोपा दुवा सामान्य ग्राहकाच्या हाती येत नाही. जुने इंजिन पुन्हा वापरणे वाईट नाही. त्यात पैसा वाचतो आणि लोखंडही. अडचण ते बिनकागदी फिरते, यात आहे.

अधिकृत भंगार केंद्रातून निघालेल्या इंजिनासोबत क्रमांकासह प्रमाणपत्र देणे, ते परिवहन विभागाच्या संगणकीय नोंदीत दिसणे आणि एकच गाडी असलेल्यालाही त्याच जातीच्या इंजिनासाठी जलद मंजुरी मिळणे, एवढे झाले तरी चोरीच्या इंजिनांचा बाजार आकसेल आणि प्रामाणिक मालक निर्धास्त होईल. दहा ट्रकवाल्यासाठी कायद्याने दार उघडे ठेवले आहे, तसे छोटे दार एका पिकअपवाल्यासाठीही हवे. ते उघडेपर्यंत वऱ्हाडातल्या मालकाने इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी त्याचा कागद मागितलेला बरा.